आधी छेदाचं चिन्ह बघा, मग गुणा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या विद्यार्थ्यांच्या पानावर सध्या सीईटी आणि बोर्डाच्या गणिताची तयारी येते, ते पान मी नियमित वाचते. आमच्या भागात ज्या पोरांना क्लास परवडत नाही त्यांच्यासाठी हे पान म्हणजेच क्लास असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर समजून घ्या. विषय एकच आहे, रॅशनल इनइक्वॅलिटी, म्हणजे अशी असमानता जिच्यात अपूर्णांक असतो आणि त्याच्या छेदात एक्स बसलेला असतो (मी सगळीकडे एक्सच्या जागी क्ष लिहिते). अकरावी-बारावी सायन्सला गणित शिकवताना दरवर्षी एकच चूक समोर येते, आणि कच्ची मुलं ती करतात असं अजिबात नाही, दहावीला गणितात नव्वदच्या वर मार्क घेऊन आलेली मुलं ती जास्त बिनधास्त करतात. छेद धन आहे की ऋण हे न विचारता तिरकस गुणाकार करून मोकळं व्हायचं.

मध्यंतरी एका मुलीने तिच्या क्लासच्या छापील नोट्स मला आणून दाखवल्या. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका क्लासचा नाहीच. पानावर वर चौकटीत "शॉर्टकट" असं लिहिलेलं आणि खाली हे गणित: (२क्ष + १)/(क्ष − ३) ≥ १. पुढची ओळ, २क्ष + १ ≥ क्ष − ३. त्याच्या पुढची ओळ, क्ष ≥ −४, आणि उत्तराभोवती परत चौकट. बस, तीन ओळीत विषय संपला. त्या मुलीने बाजूला पेन्सिलने एवढंच लिहिलं होतं, "मॅडम, शून्य टाकून बघितलं तर येत नाही". मला तिचं फार कौतुक वाटलं, कारण छापलेल्या उत्तरावर शंका घेऊन तिने ते तपासून बघितलं होतं.

आता तिने केलं तेच आपण करून बघू. क्षच्या जागी शून्य घाला, शून्य हा −४ पेक्षा मोठा आहे म्हणजे नोट्सप्रमाणे चालायला हवा. वर येतो १, खाली येतो −३, म्हणजे −१/३, आणि −१/३ हा १ पेक्षा मोठा कसा असेल? नाहीच. बरं आता −१० घाला, नोट्सप्रमाणे हा उत्तरात नाहीये. वर −१९, खाली −१३, भागाकार साधारण १.४६, म्हणजे १ पेक्षा मोठा, म्हणजे हा उत्तरात असायलाच हवा होता. आणि ३ घाला, तोही नोट्सच्या उत्तरात बसतो, पण ३ घातल्यावर छेदच शून्य होतो, तिथे अपूर्णांकाला अर्थच राहत नाही. म्हणजे जे नको ते आत आलं, जे हवं ते बाहेर राहिलं आणि जी संख्या विचारातसुद्धा घ्यायची नाही ती पण आत येऊन बसली. तीन ओळींच्या गणितात तिन्ही प्रकारच्या चुका एकदम.

कारण सगळ्यांना पाठ असतं तरी सांगते. २ < ५ हे खरं आहे. दोन्ही बाजूंना −१ ने गुणलं की −२ आणि −५, आणि आता −२ मोठा. म्हणजे ऋण संख्येने गुणलं की चिन्ह फिरवायचं. हे सातवी-आठवीच्या पोराला विचारलं तरी सांगेल. पण क्ष − ३ ने गुणताना आपण कशाने गुणतोय, धन संख्येने की ऋण? माहीतच नाही! क्ष ७ असला तर धन, क्ष २ असला तर ऋण. ज्याचं चिन्हच माहीत नाही त्याने गुणायचं आणि चिन्ह तसंच ठेवायचं, म्हणजे क्ष ३ पेक्षा मोठाच आहे असं आपण मनातल्या मनात गृहीत धरलं, आणि ते कुठे लिहिलं पण नाही. शिक्षक म्हणून मला खटकतं ते हे, न लिहिलेलं गृहीतक.

ज्याला गुणायचंच आहे त्याने खुशाल गुणावं, पण दोन केस कराव्यात. क्ष ३ पेक्षा मोठा असेल तर चिन्ह तसंच, उत्तर येतं क्ष ≥ −४, पण आपण आधीच ३ पेक्षा मोठा म्हटलंय तर दोन्ही मिळून क्ष > ३. आणि क्ष ३ पेक्षा लहान असेल तर चिन्ह फिरलं, क्ष ≤ −४, तो आपोआपच ३ पेक्षा लहान आहे. म्हणून खरं उत्तर क्ष ≤ −४ किंवा क्ष > ३. नोट्समधलं उत्तर आणि हे शेजारी शेजारी ठेवून बघा, −४ ते ३ हा मधला पूर्ण पट्टा नोट्सवाल्यांनी आत घेतलाय आणि नेमका तोच बाहेर हवा.

मी स्वतः वर्गात केस करायला लावत नाही कारण छेदात दोन-तीन अवयव आले की केस वाढत जातात आणि पोरं मध्येच हरवतात. मी सांगते, गुणूच नका, सगळं एका बाजूला आणा आणि दुसऱ्या बाजूला फक्त शून्य ठेवा. (२क्ष + १)/(क्ष − ३) − १ ≥ ०, छेद समान करून वर उरतो क्ष + ४, म्हणजे (क्ष + ४)/(क्ष − ३) ≥ ०. शून्याचा हट्ट एवढ्यासाठी की आता प्रश्न "किती मोठा" असा राहिलाच नाही, "धन की ऋण" एवढाच राहिला. आणि धन-ऋणाचे नियम तर ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धांतात लिहून ठेवलेत, धन भागिले धन धन, ऋण भागिले ऋण धन, एक धन एक ऋण असेल तर ऋण. इथे तेवढंच ज्ञान लागतं, जास्त काही नाही.

मग संख्यारेषा काढा, −४ आणि ३ वर खूण करा, रेषेचे तीन तुकडे झाले. डावीकडच्या तुकड्यातली कुठलीही एक संख्या घ्या, समजा −५, वर −१, खाली −८, भागाकार धन. मधल्यात ०, वर ४, खाली −३, ऋण. उजवीकडे ४, वर ८, खाली १, धन. आपल्याला धन किंवा शून्य हवंय, म्हणून डावा आणि उजवा तुकडा. −४ ला अंश शून्य होतो आणि "बरोबर" चालतंय तर तो आत, भरीव ठिपका. ३ ला छेद शून्य म्हणून तो कायम बाहेर, पोकळ ठिपका, मग चिन्ह ≥ असो नाहीतर > असो. हा पोकळ ठिपका विसरणारी मुलं तर इतकी आहेत की मी आता फळ्यावर छेदाचं मूळ, म्हणजे छेद शून्य करणारी संख्या, लाल खडूनेच लिहिते.

आणखी एक रस्ता आहे जो मला फार आवडतो आणि का कोण जाणे फारसा कुणी शिकवत नाही. गुणायचीच हौस असेल तर छेदाच्या वर्गाने गुणा! (क्ष − ३) चा वर्ग ऋण असूच शकत नाही, ३ सोडला तर तो कायम धन, मग चिन्ह फिरायचा प्रश्नच नाही. (२क्ष + १)(क्ष − ३) ≥ (क्ष − ३)², उजवी बाजू डावीकडे आणून सामाईक काढला की (क्ष − ३)(क्ष + ४) ≥ ०, क्ष ३ नसावा. झालं, वर्गसमीकरण तर दहावीला झालेलंच असतं. सवय मोडता येत नसेल तर निदान ती सुरक्षित तरी करता येते.

आता ही सवय येते कुठून? मला विचाराल तर नववीतून. नववीच्या बीजगणितात गुणोत्तर व प्रमाण या धड्यात दोन गुणोत्तरांची तुलना शिकवतात, a/b आणि c/d असतील तर ad आणि bc असं तिरकस गुणायचं आणि जो मोठा त्याचं गुणोत्तर मोठं. ते शंभर टक्के बरोबर आहे, कारण तिथे संख्या धन घेतलेल्या असतात, पुस्तकात ती अटही आहे. पण अट पुस्तकातच राहते आणि पोरांच्या हाताला तिरकस गुणाकार चिकटतो. पुढे दहावीला भाग एकमध्ये दोन चलांतली समीकरणं, वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी, सगळीकडे "बरोबर"चं चिन्ह, लहान-मोठ्याचा वेगळा धडाच नाही. आणि "बरोबर"च्या चिन्हाला ऋणाने गुणा नाहीतर धनाने, त्याला काही फरक पडत नाही, छेद शून्य नाही ना एवढं बघितलं की झालं. म्हणजे दोन वर्षं ज्या हातांना "गुणून टाक" एवढंच वळण लागलंय त्यांच्यासमोर अकरावीत अचानक ≥ येतं, तेही फंक्शनच्या डोमेनच्या (म्हणजे क्षच्या चालणाऱ्या किमतींच्या) निमित्ताने, आणि शिकवणारा धरून चाललेला असतो की हे येतच असणार.

तिरकस गुणाकार वाईट असं माझं म्हणणं नाही हां. जिथे छेद धन आहे याची खात्री आहे तिथे बिनधास्त करा. पोरांच्या जिव्हाळ्याचं उदाहरण घ्या, हजेरी. समजा ८० तास झाले, त्यातल्या ५२ ना पोरगं बसलं, आणि ७५ टक्के भरायला हवेत. इथून पुढे एकही तास न चुकवता किती तास बसावं लागेल? (५२ + क्ष)/(८० + क्ष) ≥ ३/४. आता ८० + क्ष हा तासांचा आकडा आहे, तो ऋण कसा होईल, म्हणून इथे गुणायला हरकत नाही. २०८ + ४क्ष ≥ २४० + ३क्ष, म्हणजे क्ष ≥ ३२. करून बघा, ८४ भागिले ११२, बरोबर पाऊण. फक्त गुणायच्या आधी एक ओळ लिहा, "क्ष तासांची संख्या आहे म्हणून छेद धन". मी त्या एका ओळीला मार्क देते, आणि ती नसेल तर उत्तर बरोबर असलं तरी कापते, पालक भांडायला येतात तरी कापते.

तसंच छेदात क्ष² + क्ष + १ सारखं काही असेल तर त्याचा विवेचक १ − ४ = −३, ऋण, आणि क्ष² चा सहगुणक धन, म्हणजे ही राशी कधी शून्याखाली जातच नाही, इथेही गुणून टाका. थोडक्यात, गुणायचं की नाही हे छेदाकडे बघून ठरवायचं, सवयीने ठरवायचं नाही.

पालक मला म्हणतात, मॅडम, याचा उपयोग काय, प्रत्यक्षात क्ष ऋण कधी असतो? तासांच्या, रुपयांच्या गणितात नसतो हे खरं. पण दहावीच्याच विज्ञानाच्या पुस्तकात बघा, भिंगाचा धडा. कार्टेशियन चिन्ह संकेताप्रमाणे वस्तू भिंगाच्या डावीकडे म्हणून वस्तूचं अंतर ऋण धरतात. १० सेंटीमीटर नाभीय अंतराचं बहिर्वक्र भिंग घ्या, वस्तूचं अंतर क्ष. भिंगाच्या सूत्रावरून विशालन, म्हणजे प्रतिमा वस्तूच्या किती पट (सुलट असेल तर धन, उलटी असेल तर ऋण), येतं १०/(१० + क्ष). आता प्रश्न, प्रतिमा सुलट आणि वस्तूपेक्षा मोठी दिसायला वस्तू कुठे ठेवावी? म्हणजे १०/(१० + क्ष) > १. नोट्सवाल्या पद्धतीने गुणा, १० > १० + क्ष, म्हणजे क्ष < ०. याचा अर्थ काय झाला बघा, वस्तू भिंगासमोर कुठेही ठेवा, जवळ ठेवा, खोलीच्या त्या टोकाला ठेवा, ती सुलट आणि मोठीच दिसणार! ज्याने आयुष्यात एकदा तरी बहिर्वक्र भिंग हातात धरून लांबच्या झाडाकडे बघितलंय त्याला माहीत आहे की झाड उलटं आणि चिमुकलं दिसतं. ३० सेंटीमीटरवर वस्तू ठेवली तर १० भागिले −२०, म्हणजे −०.५, उलटी आणि अर्धी. आता नीट सोडवा. सगळं एका बाजूला आणलं की −क्ष/(१० + क्ष) > ०. क्ष ऋण आहे म्हणून अंश धन, मग छेदही धन हवा, म्हणजे क्ष > −१०. उत्तर −१० आणि ० च्या मध्ये, म्हणजे वस्तू नाभीय अंतराच्या आत हवी. घड्याळ दुरुस्त करणारा भिंग पार कामाजवळ नेतो ते याचमुळे. बीजगणितात जो पट्टा चुकून आत आला तो इथे डोळ्यांनी दिसतो. माझी गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांना विनंती आहे की हे गणित दोघांनी मिळून एका तासात घ्या, एक भिंग आणि एक मेणबत्ती, बाकी काही लागत नाही.

आता वेव्ही कर्व्हबद्दल, कारण हे पत्र वाचून क्लासवाले म्हणतील आम्ही तर वेव्ही कर्व्ह शिकवतो. चांगलंच आहे, संख्यारेषेवर मुळं मांडायची, उजवीकडून धनने सुरुवात करायची आणि प्रत्येक मुळापाशी रेघ खाली-वर न्यायची. रशियात हीच पद्धत अंतरालांची पद्धत म्हणून शाळेत शिकवतात. पद्धत उत्तम, पण ती का चालते हे कोणी सांगायचं? ती चालते कारण अशा राशीचा आलेख मध्ये कुठे तुटत नाही, आणि न तुटता धनवरून ऋणवर जायचं तर वाटेत शून्य लागणारच. हे उघड वाटतं पण याची रीतसर सिद्धता बोल्झानो या गणितज्ञाने १८१७ मध्ये दिली, इतकं ते साधं नाही. तुटतो तो फक्त छेद जिथे शून्य होतो तिथे. म्हणून चिन्ह बदललंच तर अंशाच्या किंवा छेदाच्या मुळापाशी, दुसरीकडे कुठे बदलणं शक्यच नाही. यात "बदललंच तर" हे महत्त्वाचं, कारण मूळ आलं की चिन्ह बदलतंच असं नाही, आणि पाठ करणारी मुलं इथेच फसतात.

हे घ्या, (क्ष − १)²(क्ष + ३)/(क्ष − ४) ≥ ०. मुळं −३, १ आणि ४. नुसती लाट काढणारा मुलगा १ पाशीही रेघ पलटवतो. पण (क्ष − १) चा वर्ग आहे, तो १ च्या डावीकडेही धन आणि उजवीकडेही धन, म्हणून १ ओलांडताना चिन्ह बदलत नाही. ४ च्या पुढे धन, १ ते ४ ऋण, −३ ते १ तेही ऋण, −३ च्या डावीकडे धन. तर उत्तर क्ष ≤ −३ किंवा क्ष > ४, एवढंच का? नाही! क्ष = १ ला सगळी राशी शून्य होते आणि "बरोबर" चालतंय, म्हणून १ सुद्धा उत्तरात, एकटाच, आजूबाजूचं कोणी नाही. संख्यारेषेवर ऋण पट्ट्याच्या मधोमध एक भरीव ठिपका. वर्गात हा ठिपका कोणी स्वतःहून काढला तर मला कळतं की या पोराला विषय समजलाय.

आणि "उजवीकडून धन" हेही आंधळेपणाने नको. (५ − क्ष)/(क्ष − २) > ० यात उजवीकडे, समजा १० घातला तर वर −५ आणि खाली ८, ऋण. आधी ५ − क्ष ला उलटं करून −(क्ष − ५) लिहायचं आणि चिन्ह फिरवायचं, नाहीतर सुरुवातच चुकली, मग पुढची लाट कितीही सुंदर काढा.

बारावीत हे सगळं परत येतं, डेरिव्हेटिव्हच्या (म्हणजे बदलाच्या दराच्या) उपयोगात, वाढतं फंक्शन आणि घटतं फंक्शन, डेरिव्हेटिव्ह ऋण असेल त्या तुकड्यात फंक्शन घटतं. क्ष + २५/क्ष कधी घटतं? डेरिव्हेटिव्ह १ − २५/क्ष², म्हणजे (क्ष² − २५)/क्ष². इथे छेद वर्गच आहे, ऋण होत नाही, त्यामुळे −५ ते ५ मध्ये डेरिव्हेटिव्ह ऋण, शून्य सोडून. इथपर्यंत बहुतेक जण येतात. मग लिहितात, "−५ ते ५ या पट्ट्यात, शून्य वगळता, फंक्शन घटतं" आणि पुढच्या गणिताकडे वळतात. मी विचारते, −१ ला किंमत किती? −२६. १ ला किती? २६. −१ वरून १ वर आलो, किंमत −२६ वरून २६ झाली, मग हे घटलं का वाढलं? सगळा वर्ग गप्प. खरं असं आहे की −५ ते ० या तुकड्यात ते घटतं आणि ० ते ५ या तुकड्यातही घटतं, पण दोन्ही तुकडे जोडून "घटतं" म्हणता येत नाही, कारण मध्ये शून्यापाशी आलेख तुटलाय. छेदाचं मूळ नुसतं उत्तरातून काढून टाकलं की काम संपलं असं नसतं, त्या जागी खरोखर एक खिंडार असतं. मॉडेल उत्तरं लिहिणाऱ्यांनी इथे "आणि" का "किंवा" का "दोन्ही वेगवेगळे" हे स्पष्ट लिहावं अशी माझी फार इच्छा आहे.

राहिला प्रश्न सीईटीचा. गणिताच्या पेपरला ५० प्रश्न, ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. अशा पेपरला मुलं ऑप्शनमध्ये आकडे घालून उत्तर काढतात, आणि क्लासही तेच शिकवतात. मला यात वाईट काही दिसत नाही, उलट मी म्हणते आकडे घालून बघणं हेच तर आम्ही मुलांना घसा कोरडा करून सांगत असतो. शून्य घाला, एक मोठी ऋण संख्या घाला, छेदाचं मूळ ज्या ऑप्शनमध्ये आत घेतलंय तो ऑप्शन आधी उडवा. वरचं नोट्समधलं उत्तर अशा तपासणीत एका क्षणात पडलं असतं. वाईट हे की मुलं परीक्षेत आकडे घालतात आणि अभ्यास करताना घालत नाहीत. वहीत उत्तराभोवती चौकट काढली की ते पवित्र झालं.

बोर्डाच्या पेपरात मात्र ८० मार्कांची लेखी परीक्षा आहे, तिथे पायऱ्यांना मार्क असतात. तिथे परीक्षकांनी कृपया एवढं करावं, छेदाने गुणलं असेल आणि छेदाचं चिन्ह काय ते लिहिलं नसेल तर पूर्ण मार्क देऊ नयेत, योगायोगाने उत्तर जमलं असलं तरी. कडक वाटेल, पण एकदा मार्क गेले की पुढच्या बॅचला निरोप आपोआप पोचतो.

काही सहकारी म्हणतात, एवढं कशाला, सिलॅबस पूर्ण होत नाही, इंटिग्रेटेड कॉलेजात तर पोरं वर्गात दिसतच नाहीत. त्यांची अडचण खरी आहे, मी पण त्याच गर्दीत शिकवते. पण यासाठी वेगळा महिना लागत नाही. नववीत गुणोत्तरांची तुलना शिकवताना फक्त एक उदाहरण ऋण छेदाचं घ्या, १/(−२) आणि १/३ ची तुलना तिरकस गुणून करा, म्हणजे ३ आणि −२, तिरकस गुणाकार म्हणतो पहिला मोठा, आणि उघड दिसतंय की पहिला ऋण आहे, तो लहान. पोरं गडबडतात, हसतात, भांडतात, आणि मग अट का होती ते कायमचं लक्षात राहतं. दहावीची परीक्षा झाल्यावर अकरावी सुरू होईपर्यंत जो मोठा रिकामा वेळ असतो त्यातही हा विषय सहज होईल, त्याला वर्गसमीकरणाचे अवयव आणि संख्यारेषा सोडून काहीच लागत नाही. आणि < > ही चिन्हं १६३१ साली थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या पुस्तकातून पहिल्यांदा छापली गेली, तो वारल्यावर दहा वर्षांनी, असं काहीबाही सांगितलं की पोरांना विषय परका पण वाटत नाही.

तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. तुमच्या पानावर छेदात क्ष असलेली असमानता जेव्हा छापाल तेव्हा उत्तराखाली दोन ओळी जास्त द्या, एकीत उत्तरातली एक आणि उत्तराबाहेरची एक संख्या घालून केलेली तपासणी, आणि दुसरीत छेद शून्य करणारी कोणती संख्या वगळली ते. जागा पुरत नसेल तर त्या दिवशी एक गणित कमी छापा, चालेल. आणि "ट्रिक" म्हणून जे येतं ते छापायच्या आधी एखाद्या शिक्षकाला दाखवून घ्या. अशी सोडवलेली वीस-पंचवीस गणितं, भिंगाच्या आणि हजेरीच्या उदाहरणांसकट, मराठीतून लिहून मी पाठवायला तयार आहे, मानधन नको. नाव नाही छापलं तरी चालेल, पण पोकळ ठिपका पोकळच छापला जाईल एवढं तुमच्या डीटीपीवाल्यांना सांगा, मागे एका ठिकाणी तो भरीव छापला गेला होता आणि त्यावरून मुलांनी माझ्याशी दोन तास वाद घातला.

कळावे,
आपली,
एक गणित शिक्षिका, बार्शी